काट्याची चिठ्ठी आणि मोबाईलमधली कुकी



मागच्या पंधरवड्यात गटऑफिसात एक वयस्कर सभासद आले होते. ऊसनोंदीचे काम झाले. जाता जाता त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि विचारले, "काल रात्री मी ह्याच्यावर पाच हॉर्सपॉवरच्या पंपाच्या किमती बघितल्या. कुणाला बोललो नाही, घरात सुद्धा नाही. आज सकाळी बातम्या वाचायला घेतल्या तर तिथं पंप. नातू गाण्याचे शब्द शोधत होता तर तिथं बी पंप! ह्या मोबाईलला सांगितलं कुणी?"

बसलेली मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज पंप दिसला म्हणून काही बिघडले नाही. परंतु आपल्याकडे एकच मोबाईल घरातली चार माणसे वापरतात. सुनेने एखाद्या दुखण्याची माहिती वाचली, मुलाने सोनेतारण कर्जाची चौकशी केली, आणि तासाभराने त्याच गोष्टीच्या जाहिराती वडील माणसांपुढे येऊ लागल्या, तर घरातली झाकली मूठ उघडी पडते. म्हणून हे "सांगणारे" कोण, त्याला किती कळते आणि त्याला आवर कसा घालायचा, हे प्रत्येक सभासदाला माहीत असले पाहिजे.

मोबाईल आपले बोलणे ऐकतो, असे पुष्कळजण म्हणतात. ह्या कामासाठी ऐकण्याची गरजच नाही. चिठ्ठ्या पुरतात. ह्या चिठ्ठीला म्हणतात कुकी.

काट्याला आठवण नसते

हंगामात वजनकाट्याजवळ थोडा वेळ उभे राहून बघा. भरलेली बैलगाडी काट्यावर चढते, वजन होते, गाडी गव्हाणीकडे जाते. ऊस उतरला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की उसाचे निव्वळ वजन मिळते. पण ही रिकामी गाडी मघाच्या कोणत्या भरल्या गाडीची, हे काट्याला कसे कळणार? मधल्या वेळात पन्नास गाड्या येऊन गेलेल्या असतात. काट्याला आठवण नसते. म्हणून गाडीवानाजवळ चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर नंबर असतो. नंबर रजिस्टरला जुळला की कोणाचे वजन कोणाच्या नावावर, याचा घोळ होत नाही. चिठ्ठी हरवली तर गाडीवानाची काय धांदल उडते, ती आपण पाहिलेली आहे.

इंटरनेटवरील संकेतस्थळांचेही नेमके असेच आहे. आपण मोबाईलवर एखादे पान उघडतो, म्हणजे दूरच्या एका संगणकाला "हे पान दे" असा निरोप जातो. तो पान देतो आणि आपल्याला विसरतो. दुसऱ्या क्षणी दुसरे पान मागितले तरी त्याच्या लेखी आपण नवे गिऱ्हाईक. ही देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते नियम टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ च्या सुमारास जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत बसवले. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचायचे होते, तेवढ्यापुरती आठवणीची जरूर नव्हती. ती जरूर पडली दुकानदारीला.

कुकी आली कोठून?

१९९४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये नेटस्केप नावाची कंपनी ब्राउझर तयार करीत होती. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. आज आपल्या मोबाईलमध्ये क्रोम असतो, तोही ब्राउझरच. एमसीआय ही टेलिफोन कंपनी नेटस्केपची गिऱ्हाईक होती आणि तिला इंटरनेटवर दुकान मांडायचे होते. अडचण अशी की गिऱ्हाइकाने एका पानावर एक वस्तू पिशवीत टाकली आणि दुसऱ्या पानावर गेले की पहिली वस्तू दुकान विसरून जाई. आणि प्रत्येकाच्या अर्धवट खरेदीची नोंद आपल्या संगणकात सांभाळत बसायची कंपनीची तयारी नव्हती.

नेटस्केपमधील लू मॉन्टुली या तरुण प्रोग्रॅमरने तोडगा काढला. दुकानाने गिऱ्हाइकाच्या ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची. ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच दुकानाचे पुढचे पान मागताना बरोबर पाठवायची. संगणकवाल्यांच्या बोलीत अशा चिठ्ठीला आधीपासून "मॅजिक कुकी" म्हणत, त्यावरून कुकी हे नाव पडले. अमेरिकेत कुकी म्हणजे बिस्किट. आपल्या कामाशी बिस्किटाचा काही संबंध नाही.

या चिठ्ठीवर असते काय? एक नाव, एक नंबर किंवा खूण, ती कोणत्या संकेतस्थळाने दिली आणि ती केव्हा बाद होणार, एवढेच. सगळा मजकूर साधारण चार हजार अक्षरांत बसतो. कुकी हा प्रोग्रॅम नाही, व्हायरस नाही. ती आपले फोटो पाहत नाही, फोननंबरांची यादी वाचत नाही. ज्याने चिठ्ठी दिली त्यालाच ती परत दाखवली जाते, दुसऱ्या दुकानाला नाही.

हा शेवटचा नियम मुद्दाम केलेला होता. प्रत्येक संगणकाला एकच कायमचा नंबर देऊन टाकणे सोपे गेले असते. पण मग तो माणूस जाईल तिथे त्याच नंबराने ओळखला गेला असता आणि त्याचा माग काढणे सोपे झाले असते. तसे होऊ नये म्हणून दुकानागणिक वेगळी चिठ्ठी ठेवली. पुढे ह्याच नियमाला बगल दिली गेली. ते कसे, ते आता बघू.

कामाच्या चिठ्ठ्या

आधी कामाच्या कुकी कोणत्या ते सांगतो, नाहीतर सगळ्याच वाईट असा समज व्हायचा.

आपण बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड टाकून आत जातो. त्यानंतर प्रत्येक पानाला पासवर्ड विचारत नाहीत, कारण आत जातानाच बँकेने ब्राउझरला एक चिठ्ठी दिलेली असते. पाच-दहा मिनिटे काही केले नाही तर "वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा" असे येते, म्हणजे चिठ्ठी बाद झाली. मराठी भाषा एकदा निवडली की पुढच्या वेळी पान मराठीतच उघडते, तीही कुकीचीच करामत. काही चिठ्ठ्या ब्राउझर बंद केला की संपतात, काही महिनोन् महिने राहतात. ह्या चिठ्ठ्या नसतील तर कामच होणार नाही.

मात्र एक ध्यानात ठेवा. लॉगिननंतर मिळालेली चिठ्ठी म्हणजे आत फिरण्याचा पास. ती दुसऱ्याच्या हाती लागली तर पासवर्ड नसतानाही तो आपल्या नावाने आत जाऊ शकतो. सेवा केंद्रातल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर काम झाले की नुसते पान बंद करून उठू नका. "लॉगआउट" करा, मगच खुर्ची सोडा.

बाजारातला एजंटाचा पोरगा

आता पंपाकडे वळू.

समजा, तालुक्याच्या बाजारात पंपाचे दुकान आहे, औषधाचे आहे, सराफाचे आहे, वर्तमानपत्राचा स्टॉलही आहे. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि एकाची दुसऱ्याला दिसत नाही. इतपत ठीक. पण एक जाहिरात एजंट येतो आणि सगळ्या दुकानदारांना म्हणतो, "तुमच्या दारात माझा एक पोरगा उभा करू द्या, मी तुम्हाला पैसे देतो." दुकानदार हो म्हणतात. आपण पंपाच्या दुकानात गेलो, दारातल्या पोराने आपल्या पिशवीत त्याची चिठ्ठी टाकली, नंबर ४१७२. पुढे औषधाच्या दुकानात गेलो. तिथला पोरगाही त्याच एजंटाचा. त्याने पिशवीत डोकावून नंबर वाचला आणि वहीत लिहिले, "४१७२, सांधेदुखीचे औषध बघत होता." सराफाकडेही तसेच. संध्याकाळी एजंटाच्या वहीत ४१७२ नंबराचा सबंध दिवस उतरलेला असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या स्टॉलवर हाच पोरगा आपल्यापुढे पंपाची जाहिरात धरतो.

नियम मोडला का? नाही. एजंटाची चिठ्ठी एजंटानेच वाचली. फक्त तो सगळीकडे उभा होता, आणि आपल्याला तो दिसला नाही. संकेतस्थळाच्या पानात जाहिरातीचा जो चौकोन असतो तो बहुधा त्या संकेतस्थळाचा नसतोच, तो एजंटाच्या संगणकावरून येतो आणि येताना स्वतःची कुकी ठेवतो. काही वेळा चौकोनही नसतो, डोळ्याला न दिसणारा ठिपका असतो. या कुकीला तिसऱ्या पक्षाची, म्हणजे थर्ड पार्टी कुकी म्हणतात. एक आपण, दुसरे संकेतस्थळ, तिसरा हा एजंट.

हा धोका जाणकारांनी लवकर ओळखला होता. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या मंडळाने फेब्रुवारी १९९७ मध्येच लिहून ठेवले की, अशा तिसऱ्याच्या कुकी ब्राउझरने आपणहून घेऊ नयेत. मोठ्या ब्राउझर कंपन्यांनी ते मानले नाही.

नंबराला नाव जोडले की

एजंट म्हणतात, "आमच्या वहीत नाव नाही, नुसता नंबर आहे." हे कुठवर खरे, यासाठी एक घडलेले उदाहरण सांगतो.

अमेरिकेत डबलक्लिक नावाची जाहिरात कंपनी होती. हजारो संकेतस्थळांवर तिचे चौकोन असत, आणि आम्ही नावानिशी कोणाला ओळखत नाही असे ती सांगे. १९९९ मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही दुसरी कंपनी विकत घेतली. टपालाने वस्तू मागवणाऱ्या लाखो कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदी अबॅकसकडे होती. बेत असा होता की एका वहीतले नंबर आणि दुसऱ्या वहीतली नावे जुळवायची. बातमी फुटली, लोकांनी आवाज उठवला, सरकारी चौकशी सुरू झाली. मार्च २००० मध्ये कंपनीच्या प्रमुखाने चूक कबूल करून तो बेत थांबवला.

गोष्ट तिथे संपली नाही. २००८ मध्ये गूगलने डबलक्लिक विकत घेतली. ब्राउझिंगची ही माहिती नावाच्या माहितीशी लोकांच्या स्पष्ट होकाराशिवाय जोडणार नाही, असे वाक्य गूगलच्या धोरणात होते. २०१६ मध्ये ते वाक्य काढले आणि खात्यातील सेटिंगप्रमाणे ती जोडता येईल असे लिहिले.

यावरून घ्यायचे ते एवढेच. वहीत आज नाव नसेल, पण ज्या दिवशी आपण कुठल्या तरी फॉर्मवर नाव आणि मोबाईल नंबर भरतो, त्या दिवशी मागचा सगळा हिशोब त्या नावावर चढू शकतो. "लकी ड्रॉ", "मोफत माती परीक्षण", "कर्जाची पात्रता दोन मिनिटांत" असले फॉर्म भरताना ही गोष्ट आठवा.

कायदा काय म्हणतो?

युरोपात २००२ मध्ये कुकीबाबत नियम झाले. २००९ मध्ये दुरुस्ती होऊन, कामापुरत्या कुकी सोडून बाकीच्यांना आधी परवानगी घेतली पाहिजे असे ठरले. मे २०१८ पासून जीडीपीआर हा कडक कायदा लागू झाला. पान उघडताच जी पाटी येते, "आम्ही कुकी वापरतो, मान्य आहे का?", ती मुख्यतः या नियमांमुळे आली.

पाटी आली तशा पळवाटाही आल्या. जर्मनीतील एका बक्षीस योजनेच्या संकेतस्थळाने होकाराच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, ही संमती नव्हे, खूण माणसाने स्वतः केली पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या माहिती संरक्षण खात्याने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. कारण असे की "मान्य" म्हणायला एक बटण आणि "नको" म्हणायला अनेक पायऱ्या ठेवल्या होत्या.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील असे ठरले. या कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सगळी त्यात येते. सभासदांच्या उपयोगाच्या बाबी अशा :

माहिती कशासाठी घेतो हे आधी सांगितले पाहिजे. ही सूचना मराठीत वाचण्याची सोय दिली पाहिजे. संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. काम संपल्यावर माहिती पुसली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची खात्रीलायक संमती हवी, आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास बंदी आहे. माहिती सांभाळण्यात हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

माहिती राखणाऱ्याचे काम

चांगले संकेतस्थळ आपली माहिती कशी राखते? मोबाईल आणि त्यांचा संगणक यांच्यामधला मजकूर कुलूपबंद करून पाठवते, वाटेत कोणी उघडला तरी वाचता येत नाही. पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवत नाही, त्याचे उलट फिरवता न येणारे रूप करून ठेवते. लॉगिनची चिठ्ठी पानातल्या इतर प्रोग्रॅमला वाचता येऊ नये अशी खूण तिच्यावर करते आणि ती थोड्या वेळात बाद करते. कामापुरतीच माहिती मागते, आणि कोणत्या कर्मचाऱ्याला काय दिसावे हे ठरवून देते.

पत्त्याशेजारी कुलुपाचे चित्र किंवा सुरुवातीला "एचटीटीपीएस" असले म्हणजे वाट सुरक्षित आहे. पण पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. चोराच्या घराला सुद्धा कुलूप असते.

हेच मोजमाप आपल्या घरालाही लावले पाहिजे. सभासदाचा गट नंबर, क्षेत्र, टनेज, बँक खाते, मोबाईल नंबर ही सगळी वैयक्तिक माहितीच आहे. कारखाना असो, सोसायटी असो की बँक असो, संगणकात माहिती ठेवणाऱ्या सर्वांनाच हा कायदा आहे. बिलाची यादी खातेनंबरासह कोणी ग्रुपवर टाकली तर "सोयीसाठी टाकली" म्हणून गप्प बसू नका. ती काढायला सांगा. तो आपला हक्क आहे.

सभासदांनी काय करावे?

१) पाटी आली की घाईने "सर्व मान्य" दाबू नका. "नाकारा" किंवा "फक्त आवश्यक" असे बटण असेल ते दाबा. काम अडत नाही.

२) क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्जमध्ये जाऊन तिसऱ्या पक्षाच्या कुकी बंद करा. सफारीने मार्च २०२० पासून त्या आपणहून बंद केल्या, फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या कुकी अडवल्या. गूगलने २०२० मध्ये क्रोममधून त्या काढण्याचे जाहीर केले होते, पण जुलै २०२४ मध्ये तो विचार सोडला. म्हणून क्रोममध्ये हे काम आपल्यालाच करावे लागते. जमत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे.

३) महिन्या-दोन महिन्यांनी जुन्या कुकी पुसा. पुसल्यावर पुन्हा लॉगिन करावे लागेल, तेव्हा पासवर्ड हाताशी ठेवा. पिशवीतली चिठ्ठी फाडली तरी एजंटाची वही शिल्लक राहते, हेही समजून असा.

४) खासगी दुखण्याची वा कर्जाची माहिती बघायची असेल तर "इन्कॉग्निटो" खिडकी वापरा. बंद करताच तिच्यातल्या चिठ्ठ्या जातात, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या माणसाला मागमूस लागत नाही. मात्र ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळायचे ते कळतेच.

५) मोबाईलमधली ॲप कुकीवर अवलंबून नसतात, मोबाईलच्या जाहिरात नंबरावरून ओळखतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये तो नंबर काढून टाकता येतो. आणि टॉर्चच्या ॲपला आपली फोनयादी कशाला हवी, हा प्रश्न विचारल्याशिवाय परवानगी देऊ नका.

६) ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका. फसवणूक होऊन पैसे गेल्यास वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करा.

त्या वयस्कर सभासदांच्या मोबाईलमध्ये गटऑफिसातच दुसऱ्या क्रमांकाचे काम करून दिले आणि साठलेल्या कुकी पुसल्या. चार दिवसांनी ते काट्याजवळ भेटले. म्हणाले, "पंप गेला बघा. आता दुसरंच कायतरी दाखवतंय, पण माझं नाही." जाहिराती बंद होत नाहीत, त्यांच्यावरच बरीचशी संकेतस्थळे फुकट चालतात. पण आपण कुठे गेलो, काय पाहिले, ही नोंद कोणाच्या वहीत जावी, हे ठरवणे बरेचसे आपल्या हातात आहे.

ऊस घालताना आपण वजनपावती वाचून, घडी घालून खिशात ठेवतो. तीच सवय मोबाईलवर "मान्य" दाबताना ठेवावी, ही सर्व सभासदांना विनंती.